प्रायमर मिळेना तेव्हा

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानांत एक फळी सगळ्यांत आधी रिकामी झाली आणि सगळ्यांत उशिरा भरली. त्या फळीवर बंदुका नसतात, तयार काडतुसेही नसतात. जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या टोप्या शंभर-शंभरच्या ताटल्यांत मांडून, हजाराच्या खोक्यांत भरून तिथे ठेवलेल्या असतात. त्यांना प्रायमर म्हणतात. कोविडच्या साथीपूर्वी हजाराचे खोके साधारण तीस-पस्तीस डॉलरला मिळे. टंचाई भरात आली तेव्हा तेच खोके खासगी विक्रीत शंभर डॉलरच्या वर गेले आणि तरीही घेणारे होतेच.

हे घेणारे म्हणजे रिलोडिंग करणारी मंडळी. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता ती घरच्या टेबलावर पुन्हा भरायची, असा हा छंद आहे. कोणी पैसे वाचवायला करतो, कोणी आपल्या बंदुकीला मानवेल असे नेमके काडतूस हवे म्हणून, तर कोणाकडे आजोबांची अशी रायफल असते जिची काडतुसे आता कोणताच कारखाना बनवत नाही. आपल्याकडे हा छंद रुजलेला नाही, याचे एक कारण कायद्यात आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रे येतात. परवानाधारकाने तयार काडतूस घ्यायचे, तेही मोजून. पण तत्त्व आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना नळीत दारू, तिच्यावर छरे आणि मागे घोड्याखाली टोपी हा क्रम ठाऊक असतो. आधुनिक काडतुसात हीच तीन माणसे एका पितळी घरात राहायला आली आहेत.

ते घर कसे चालते, ते आधी पाहू. चाप ओढला की फायरिंग पिन पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या प्रायमरवर आदळते. प्रायमरच्या टोपीत आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचा चिमूटभर थर असतो. तो टोपी आणि आतला छोटा ऐरणीसारखा पत्रा यांच्यात चिरडला जातो, ठिणगी उडते आणि बुडातल्या छिद्रातून आत शिरून दारू पेटवते. दारूचा वायू होतो, दाब वाढतो. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाची मान्य मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पाउंड आहे, तर पॉइंट थ्री-झीरो-एट विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची ६२,०००. या दाबाने गोळी नळीतून सुटते. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. मग ती किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त या पितळात हे फुगणे-आकसणे सोसण्याची लवचीकता असते. संपूर्ण रिलोडिंग या एका गुणावर उभे आहे.

पुन्हा भरताना पुंगळ्या आधी तपासून, घासून लख्ख करतात. मग प्रेसमध्ये पोलादी साच्यात दाबून त्यांना मूळ मापावर आणतात आणि त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर ढकलला जातो. रायफलची पुंगळी दर वेळी थोडी लांबते, ती कापावी लागते. नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. संध्याकाळभर निवांत बसून शे-दोनशे काडतुसे होतात. भरणाऱ्याला हा वेळ खर्ची पडल्यासारखा वाटत नाही. हातात एक काम आणि डोक्यात दुसरे काही नाही, असे तास त्याला हवेच असतात.

चार भाग लागतात: पुंगळी, गोळी, दारू आणि प्रायमर. टंचाईच्या बातम्यांत सरसकट ‘दारूगोळा संपला’ असे म्हटले जाते, पण भरणाऱ्याच्या टेबलावर टंचाई चारही भागांची एकदम नसते. पुंगळी परत परत वापरता येते. गोळी शिशापासून घरी ओतता येते. दारू पिस्तुलाला इतकी थोडी लागते की एक डबा महिनोन्‌महिने पुरतो. प्रायमर मात्र एकदाच वापरायचा आणि दर काडतुसाला एक, यात काटकसर नाही. तो घरी करताही येत नाही. वापरलेल्या टोप्यांत काहीबाही भरून त्या पुन्हा जिवंत करण्याच्या कृती टंचाईत फिरू लागतात. त्या मी इथे देणार नाही. आघाताने पेटणारे मिश्रण स्वयंपाकघरात कालवणाऱ्याची बोटे आणि डोळे पणाला लागतात, आणि त्या बदल्यात मिळतो तो बेभरवशाचा प्रायमर.

कारखान्यातही हे काम सोपे नाही. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे मुख्य स्फोटक असते. ते कोरडे असताना अतिशय संवेदनशील, म्हणून ओल्या लगद्याच्या रूपात हाताळतात. छिद्रांच्या पाट्यांवर तो लगदा पसरून प्रत्येक टोपीत नेमका तेवढाच भरायचा आणि मग वाळवायचा. अशी शाखा रातोरात वाढवता येत नाही. जाड भिंतींच्या वेगळ्या खोल्या लागतात, परवाने लागतात, शिकलेले हात लागतात. २०२० मध्ये अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे चारच होती: आयडाहोतल्या लुइस्टनचे सीसीआय, मिनेसोटातल्या अनोकाचे फेडरल, विंचेस्टर आणि आर्कान्सातल्या लोनोकचे रेमिंग्टन. त्यातले रेमिंग्टन २०२० च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेले आणि त्याचा काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने घेतला. सीसीआय आणि फेडरल आधीच तिच्याकडे होते. म्हणजे चारांपैकी तीन नावे एका घरात.

आता यातला खरा पेच. हे कारखाने स्वतःची तयार काडतुसेही विकतात. मागणी वाढली की प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांत जातो, कारण नफा तिथे जास्त. सुट्या प्रायमरच्या खोक्यात जाते ते उरलेसुरले. त्यामुळे कारखाना रात्रंदिवस चालू असला तरी दुकानातली फळी रिकामी राहू शकते. ‘माल लपवलाय’ अशी ओरड तेव्हा झाली आणि फेडरलच्या अध्यक्षांना व्हिडिओ काढून खुलासा करावा लागला. मला त्यांचे म्हणणे पटते. गुदामात लपवायची गरजच नव्हती, माल काडतुसाच्या रूपात दारातून बाहेर जात होता.

मागणी इतकी कशाने वाढली? अशी लाट काही पहिलीच नव्हती. २००८ च्या निवडणुकीनंतर एक आली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर कडक कायदे येतील या धास्तीने दुसरी, तिच्याहून मोठी. २०२० मध्ये साथ, रस्त्यांवरची आंदोलने आणि निवडणूक हे तिन्ही एकत्र आले. त्या एका वर्षात बंदूक-खरेदीच्या संदर्भातल्या सरकारी पार्श्वभूमी तपासण्या ३ कोटी ९६ लाखांच्या पुढे गेल्या. तोवरचा तो उच्चांक होता. प्रत्येक नवा मालक दोन-चार खोकी काडतुसे घेणारच. त्यात जुने गिऱ्हाईक, जे एरवी एक खोके घेई, ते ‘पुढे मिळो न मिळो’ म्हणून पाच घेऊ लागले. कारखान्याचे उत्पादन तेवढेच, पण लोकांच्या कपाटांतला साठा पाचपट, आणि फळी रिकामी. २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन दारूगोळ्याच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा एक पर्यायी वाटही अरुंद झाली. मग दुकानांत बोस्नियातल्या गोराझ्देचे, इटलीचे, चेक प्रजासत्ताकाचे प्रायमर दिसू लागले. ज्यांनी वर्षानुवर्षे एकाच छापाचे प्रायमर वापरले होते, त्यांना नवी नावे वाचायला शिकावे लागले.

दारूची टंचाई वेगळ्या वाटेने येते. तिची सुरुवात आपल्या ओळखीच्या जागी, कापसात आहे. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांना लिंटर म्हणतात. ते जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी ते १८४६ मध्ये केले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी त्यापासून बिनधुराची दारू बनवली आणि जुनी काळी दारू मागे पडली. आजही रायफलच्या दारूचा पाया हाच आहे. म्हणून युक्रेनच्या युद्धात तोफगोळ्यांची मागणी भडकली तेव्हा तोफेचा आणि हरणाच्या शिकाऱ्याचा कच्चा माल एकच निघाला. युरोपातले कारखाने लिंटरसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत, ही गोष्टही तेव्हा उघड चर्चेत आली. २०२४ मध्ये अमेरिकेत डब्यातल्या दारूची टंचाई जाणवू लागली, आणि तोवर प्रायमरची फळी बऱ्यापैकी भरली होती.

साखळीत तुटवडा नेमका कोणत्या कडीत येईल, हे आधी सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना कॉर्डाइट दारूसाठी लागणारा अॅसिटोन कमी पडला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ हाइम वाइझमन यांनी जिवाणूंच्या आंबवणीतून तो काढण्याची पद्धत दिली. तशाच खटपटीत आपल्याकडे नाशिकला मोहाच्या फुलांपासून अॅसिटोन काढण्याचा कारखाना उभारला गेला. मोहाची फुले आणि तोफा यांचा संबंध लावणारी युद्धाइतकी विचित्र व्यवस्था दुसरी नसेल.

असो. टेबलावर परत येऊ. टंचाईत निभावून नेण्याची पहिली पायरी हिशेबाची आहे. दारू पाउंडात विकत मिळते आणि ग्रेनमध्ये तोलतात. एका पाउंडात ७,००० ग्रेन. पिस्तुलाच्या काडतुसाला पाच ग्रेन लागत असतील तर एका पाउंडात १,४०० काडतुसे होतात. मध्यम रायफलला चव्वेचाळीस ग्रेन लागत असतील तर जेमतेम १५९. हजार प्रायमरच्या खोक्याला पिस्तूलवाल्याचा पाऊण पाउंडसुद्धा दारू लागत नाही, रायफलवाल्याला सव्वासहा पाउंड लागतात. म्हणून प्रायमरची टंचाई पिस्तूलवाल्याला आधी झोंबते आणि दारूची रायफलवाल्याला. आपण वर्षाला किती गोळ्या खरोखर झाडतो हे वहीत लिहिलेले असेल, तर कोणता भाग किती घ्यायचा हे आपोआप कळते. तसे लिहिलेले नसेल तर माणूस मिळेल ते घेतो, आणि मग कपाटात चार हजार गोळ्या असतात व प्रायमर दोनशे.

दुसरी गोष्ट मागवण्याची. दारू आणि प्रायमर घरपोच मागवले की धोकादायक मालाचा वेगळा आकार पडतो आणि तो वस्तूवर नसून पार्सलवर असतो. एक डबा मागवला तरी तेवढाच, दहा मागवले तरी तेवढाच. म्हणून क्लबातली मंडळी मिळून मागणी नोंदवतात. शक्य असेल तर एकाच लॉटचा माल घेतात, कारण लॉट बदलला की दारूचा वेग थोडा बदलतो आणि बसवलेले वजन पुन्हा तपासावे लागते.

तिसरी गोष्ट बदलीची, आणि इथे मी सावकाश जाणार आहे, कारण टंचाईतले बहुतेक अपघात इथेच होतात. हवे ते मिळत नाही, जवळपासचे मिळते, आणि मन म्हणते, काय फरक पडतो?

प्रायमरपासून सुरू करू. छोट्या पिस्तुलाचा आणि छोट्या रायफलचा प्रायमर यांचा व्यास सारखाच, ०.१७५ इंच. दोन्ही एकाच खोबणीत बसतात. पण रायफलच्या प्रायमरची टोपी जाड असते. ती पिस्तुलात वापरली तर हलक्या स्प्रिंगचा घोडा तिला पेटवू शकत नाही, काडतूस फुसके निघते. त्रास आहे, पण धोका कमी. उलट पिस्तुलाचा पातळ टोपीचा प्रायमर रायफलच्या दाबाखाली फाटू शकतो आणि तापलेला वायू मागे, म्हणजे डोळ्यांच्या दिशेने येतो. हे कधीच करू नये. मोठ्या मापात, ०.२१० इंचात, आणखी एक सापळा आहे. मोठ्या रायफलचा प्रायमर पिस्तुलाच्या प्रायमरपेक्षा उंच असतो, त्यामुळे पिस्तुलाच्या पुंगळीत तो बुडापासून वर उचललेला राहतो. बोल्ट किंवा स्लाइड बंद होताना तो आपटून काडतूस उडू शकते. आपोआप पुढचे काडतूस भरणाऱ्या काही रायफलींत, उदाहरणार्थ एम-१ गॅरंडमध्ये, फायरिंग पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलका टोला देते. तिथे मऊ टोपीचा प्रायमर नकोच. साध्याऐवजी मॅग्नम प्रायमर वापरायचा तर ज्वाला जास्त, म्हणून दाबही जास्त. अशा प्रत्येक बदलात रिलोडिंगच्या पुस्तकात दिलेल्या दारूच्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा वर चढायचे, जुन्या वजनाला चिकटून राहायचे नाही.

दारूच्या नावांत तर जाणूनबुजून घातल्यासारखा गोंधळ आहे. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगवेगळ्या दारू आहेत, आकडा एकच. वजनाचे तक्ते वेगळे. कोणती दारू किती वेगाने जळते याचे तक्ते छापलेले मिळतात, पण ते फक्त क्रम दाखवतात. शेजारच्या ओळीतली दारू त्याच वजनाने घालता येते असा त्याचा अर्थ काढणाऱ्याने हॉर्नडी, लायमन, सिएरा यांच्या पुस्तकांतले तक्ते शेजारी ठेवून बघावेत. दोन दारू मिसळणे, किंवा ‘बहुधा अमुकच आहे’ म्हणत चिठ्ठी नसलेल्या बरणीतली दारू वापरणे, याला टंचाईचे निमित्त पुरत नाही.

वेगळी दारू आली की आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे तिने पुंगळीत व्यापलेली जागा. वेगाने जळणारी दारू इतकी थोडी लागते की नऊ मिलिमीटरच्या पुंगळीत चुकून दोनदा घातली तरी बाहेर सांडत नाही. आणि दुप्पट दारूने पिस्तूल फुटते. म्हणून जुने भरणारे शक्य तिथे फुगीर दारू घेतात, जी दुसऱ्यांदा घातली की पुंगळीवरून ओसंडेल. घाईने एखाद्या पुंगळीत दारू घालायचीच राहिली तर त्याहून फसवे घडते. प्रायमर एकटाच गोळीला नळीत काही इंच ढकलून तिथेच अडकवतो. आवाज बसका येतो. तो न ओळखता पुढची गोळी झाडली की नळी फुटते. दारू घालून झाल्यावर पुंगळ्यांच्या रांगेवर विजेरी धरून प्रत्येकीत डोकावायचे. पन्नास पुंगळ्यांना अर्धे मिनिट लागते.

पुंगळ्यांच्या बाबतीत टंचाई फारशी जाणवत नाही, पण लोभ नडतो. रेंजवर पडलेल्या पुंगळ्या वेचताना लोखंडी आणि अॅल्युमिनियमच्या बाजूला काढाव्या लागतात. लोहचुंबक खिशात असला की अर्धे काम झाले. आतल्या बुडाला मधोमध एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धतीची आणि भरण्यासारखी. दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीची, तिचा जुना प्रायमर साध्या साच्यातून निघतच नाही. गंमत म्हणजे बॉक्सर हे इंग्रज अधिकारी होते आणि त्यांची पद्धत अमेरिकेत चालते, बर्डन अमेरिकन होते आणि त्यांची युरोपात रुजली. रायफलची पुंगळी किती वेळा भरता येईल याला आकडा नाही. बुडाच्या जरा वर आतून पितळ पातळ होत जाते आणि एक दिवस तिथून पुंगळी दुभंगते. वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपली की ती खाच बोटाला लागते. लागली की ती पुंगळी भंगारात. तोंडाशी पितळ कडक होऊन चिरा पडतात, त्यावर तोंडाचा भाग तापवून मऊ करणे हा उपाय आहे. बूड मात्र कधी तापवायचे नाही.

गोळ्या ओतणाऱ्यांचा कच्चा माल पूर्वी गॅरेजमध्ये फुकट मिळे. चाकांचा तोल साधायला लावलेली शिशाची वजने बादलीभर आणायची आणि वितळवायची. आता अनेक ठिकाणी ती जस्ताची किंवा लोखंडाची असतात. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, जस्त ४१९ ला, म्हणून भांड्यात तापमापक ठेवून आच मध्ये राखली की जस्ताची वजने वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला तर वाफ होऊन शिसे उसळते. तिथे ओले काही नेऊ नये. खेळती हवा हवी, आणि हात धुतल्याशिवाय खाणेपिणे नाही. कॅलिफोर्नियात तर २०१९ च्या १ जुलैपासून शिशाच्या गोळ्यांनी शिकार करायलाच बंदी आहे, म्हणजे तिथल्या शिकाऱ्याला हा मार्ग फक्त निशाणेबाजीपुरता.

आणि काही काडतुसे भरताच येत नाहीत. पॉइंट टू-टू रिमफायरमध्ये स्फोटक वेगळ्या प्रायमरमध्ये नसते, पुंगळीच्या कडेच्या पोकळ वळात असते. एकदा कड चेपली की संपले. २०१३ नंतर अमेरिकेत हीच साधी, स्वस्त काडतुसे वर्षानुवर्षे मिळेनाशी झाली होती, आणि टेबलावरचे सगळे कसब तिथे निरुपयोगी ठरले. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले ते याच काडतुसाच्या रायफलने. त्या खेळात वरच्या पातळीवर नेमबाज काडतुसांचे लॉट आपल्या नळीत तपासून निवडतात, स्वतः भरत नाहीत. सरावाची काटकसर करायची तर रिकाम्या बंदुकीवर चाप ओढण्याचा सराव आहे, आणि एअर रायफल आहे, जिला दारू लागत नाही, प्रायमर लागत नाही, फक्त शिशाचा छर्रा.

साठा करायचा तर किती, याला अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकांत मर्यादा आहे. राहत्या घरात मूळ डब्यांत वीस पाउंड दारू, त्यापुढे पन्नासपर्यंत असेल तर किमान इंचभर जाडीच्या लाकडी कपाटात. प्रायमर दहा हजार. लाकडी कपाटच का, हा प्रश्न रास्त आहे. बिनधुराची दारू मोकळी असेल तर भसकन जळते. घट्ट बंद पोलादी पेटीत ठेवली तर वायूला वाट मिळत नाही आणि त्या पेटीचाच बॉम्ब होतो. त्यामुळे तिजोरी हे दारूसाठी सर्वांत वाईट घर.

टंचाईत साठवलेले डबे टंचाई सरल्यावर बाजारात येतात, कधी मालकाच्या पश्चात घरातल्या सामानाच्या लिलावात. भाव आकर्षक असतो. डबा सीलबंद नसेल तर तो घेऊ नये, कारण आत चिठ्ठीवरचीच दारू आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही. सीलबंद असला तरी उघडून हाताने हवा नाकाकडे आणून वास घ्यावा. चांगल्या दारूला ईथर-अल्कोहोलसारखा सौम्य वास येतो. नाकाला झोंबणारा आंबट वास आला, तांबूस वाफ दिसली किंवा डब्याच्या झाकणाला आतून गंज चढलेला असला, तर दारू विघटन पावू लागली आहे. ती दुसऱ्या दारूत मिसळून खपवायची नाही आणि घरातही ठेवायची नाही. स्थानिक अग्निशमन दलाला विचारून, ते सांगतील त्या पद्धतीने तिची विल्हेवाट लावायची.